शब्दाची उलटतपासणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : अमुक मराठी शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात? प्रश्न साधा दिसतो, परंतु पत्रात नुसता शब्द लिहिलेला असला की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. तो शब्द कोणाच्या तोंडी आहे, कोणाला उद्देशून आहे आणि ते इंग्रजी शेवटी कोण वाचणार आहे, हे कळल्याशिवाय नेमका शब्द सुचवता येत नाही. म्हणून ज्यांनी पूर्ण वाक्य लिहून पाठवले, निदान प्रसंग तरी सांगितला, त्यांची पत्रे या अंकात आधी घेतली आहेत. बाकीच्यांनी कृपया वाक्यासह पुन्हा लिहावे.

प्रश्न : माझा भाचा लंडनला असतो. ‘येथे फार उकाडा आहे’ हे त्याला मे महिन्यात कळवताना मी शब्दकोश पाहून ‘मगी’ हा शब्द वापरला. त्याने फोनवर हसून विचारले, “मामा, नागपुरात समुद्र केव्हा आला?” माझे काय चुकले?
– एक निवृत्त वाचक, महाल

उत्तर : शब्दकोशाचे काही चुकलेले नाही आणि आपलेही फार चुकले नाही, घोटाळा ‘उकाडा’ या शब्दाच्या ऐसपैसपणाचा आहे. मुळात उकाडा म्हणजे उकडणारी उष्णता. कुकरमध्ये वाफेवर बटाटे उकडतात तसे माणसाला वाटावे, वारा पडलेला असावा, अंगावरचा घाम वाळू नये, अशी ती दमट स्थिती असते, आणि इंग्रजी ‘मगी’ हा शब्द नेमका तिच्यासाठीच आहे. पण आपण नागपूरकर बोलण्याच्या ओघात मे महिन्यातील दुपारलाही उकाडाच म्हणून टाकतो. त्या दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, परंतु हवा कोरडी ठणठणीत असते, घाम आला न आला तोच वाळून जातो आणि दोरीवर घातलेले धोतर पंधरा मिनिटांत कडक होते. या उष्णतेला इंग्रजीत ‘स्कॉर्चिंग’ म्हणतात. इस्त्री जास्त तापली आणि सदऱ्यावर तपकिरी डाग पडला तर त्या डागासाठीही ‘स्कॉर्च’ हाच शब्द आहे. मे महिन्यात बर्डीवरून भर दुपारी पायी घरी आलेल्या माणसाला त्याची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. ‘ब्लिस्टरिंग’ आणि ‘सीअरिंग’ हे त्याचेच सख्खे भाऊ आहेत.

दोहोंतला फरक लक्षात ठेवण्यासाठी नागपूरकरांच्या घरात एक उत्तम यंत्र आधीपासूनच आहे, ते म्हणजे कूलर. कूलरच्या ताट्यांवरून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत झपाट्याने वाफ होते आणि त्या वाफ होण्यात हवेतील उष्णता खर्ची पडते, म्हणून मे महिन्यात कूलरसमोर झोपलेल्याला पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. तोच कूलर जुलैमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली असताना लावला तर खोली फक्त ओली होते, गार होत नाही, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असते. तेव्हा ज्या दिवशी कूलर काम करतो तो दिवस ‘स्कॉर्चिंग’ आणि ज्या दिवशी कूलर हात टेकतो तो ‘मगी’, असे खुशाल धरून चालावे. ‘मगी’च्याच अर्थाने ब्रिटिश लोक ‘क्लोज’ असेही म्हणतात. ‘सल्ट्री’ हा शब्दही दमट उष्म्याचाच आहे, पण तो स्त्रीच्या मादक रूपाविषयीही वापरला जातो, म्हणून हवामानापलीकडे तो जपून वापरावा. कोणता शब्द घ्यावा याचा उलगडाच होत नसेल तर ‘स्वेल्टरिंग’ लिहावे. त्यात हवेपेक्षा माणसाची झालेली काहिली अधिक आहे, त्यामुळे तो दोन्ही ऋतूंत खपतो.

जाता जाता ‘ऊन’ या शब्दाविषयी. ‘उन्हात जाऊ नकोस’ याचे इंग्रजी करताना पुष्कळ जण ‘सनलाइट’ किंवा ‘सनशाइन’ लिहितात. ‘सनलाइट’ हा प्रकाश आहे, जो कुंडीतल्या रोपाला लागतो. ‘सनशाइन’ हे सुखद ऊन आहे, ज्याची आपला भाचा आणि त्याचे शेजारी लंडनमध्ये महिनोन्‌महिने वाट पाहतात. आपण मुलांना ज्यापासून बजावतो ते इंग्रजीत नुसते ‘द सन’ असते : ‘डोन्ट गो आउट इन द सन’. नवतपा या शब्दाला मात्र इंग्रजीत प्रतिशब्द शोधू नये. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे साधारण २५ मेपासून, जे नऊ दिवस धरले जातात, ते एका वाक्यात सांगून टाकावे. ‘झळ’ हवेची असेल तर ‘अ ब्लास्ट ऑफ हॉट एअर’. महागाईची असेल तर उष्णतेशी काहीही संबंध न ठेवता ‘टु फील द पिंच’, म्हणजे चिमटा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वार्षिकांकासाठी मी शबरीच्या कथेचे इंग्रजी भाषांतर केले. ‘शबरीने रामाला उष्टी बोरे दिली’ या वाक्यात मी ‘लेफ्टओव्हर बेरीज’ असे लिहिले आहे. सहशिक्षिकांना ते खटकते, पण दुसरा शब्द त्यांनाही सुचत नाही.
– एक शिक्षिका, रामदासपेठ

उत्तर : खटकणे रास्त आहे. ‘लेफ्टओव्हर’ म्हणजे उरलेले. रात्री पातेल्यात राहिलेली भाजी, जिला कोणाचेही तोंड लागलेले नाही, ती ‘लेफ्टओव्हर’ असते, पण उष्टी नसते. उलट काठोकाठ भरलेल्या पेल्यातून कोणी एकच घोट घेतला तर त्या पाण्यातील जवळजवळ काहीच कमी झालेले नसते, तरीही ते उष्टे होते. उष्टेपण उरण्यात नाही, ते तोंड लागण्यात आहे. आपल्या वाक्यामुळे इंग्रजी वाचकाची समजूत अशी होईल की शबरी स्वतः पोटभर बोरे खाऊन बसली आणि शिल्लक राहिली ती पाहुण्याच्या पुढे केली. ज्या कृतीत सगळे प्रेम भरलेले आहे, तिच्यावरच असा अन्याय व्हायला नको.

इतरांच्या तोंडचे खाऊ नये ही भावना इंग्रजांना अपरिचित नाही, परंतु त्यांच्याकडे ती स्वच्छतेची बाब आहे. तिला पावित्र्याचा आणि विटाळाचा जो पदर आपल्याकडे आहे तो तिकडे नसल्यामुळे तिच्यासाठी स्वतंत्र विशेषण घडले नाही. जेवणानंतर राहिलेल्या तुकड्यांना ‘ऑर्ट्स’ असा एक जुना शब्द आहे, पण तो आजच्या इंग्रजी वाचकालाही कोशात पाहावा लागेल आणि शिवाय तोही उरलेल्याचाच आहे. अशा वेळी विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे जावे : ‘शी बिट इंटू ईच वन टु मेक शुअर इट वॉज स्वीट, अँड गेव्ह हिम ओन्ली द स्वीट वन्स’. एका शब्दाच्या जागी दोन ओळी झाल्या, पण कथा जागेवर राहिली. बोराला ‘बेरी’ म्हणणे वनस्पतिशास्त्राला धरून नाही, कारण बोरात टणक आठळी असते आणि त्याचे इंग्रजी नाव ‘जूजूब’ असे आहे. तरीही शबरीच्या हातात मी ‘बेरीज’च राहू देईन, ‘जूजूब’ विज्ञानाच्या तासासाठी ठेवीन.

याच घराण्यातील ‘खरकटे’ आणखी अवघड आहे. ‘माझे हात खरकटे आहेत, फोन घेता येत नाही’ याचे भाषांतर ‘माय हँड्स आर डर्टी’ असे केले तर बोलणारा बागेत माती खणत होता असे वाटते. इंग्रज माणूस अशा वेळी हाताविषयी बोलतच नाही. तो ‘आय अ‍ॅम इन द मिडल ऑफ डिनर’ असे सांगतो. ‘शिळे’ या शब्दाची जोडी ‘स्टेल’शी बरी जमते आणि शिळ्या विनोदालाही ‘स्टेल’ चालते, पण ‘स्टेल’मध्ये कडक झालेले, बेचव झालेले अन्न असते. सकाळी तिखट-मीठ लावून फोडणीला टाकलेली रात्रीची पोळी ज्याने खाल्ली आहे, त्याने तिला ‘स्टेल’ म्हणू नये. ‘यस्टर्डेज रोटी’ पुरेसे आहे.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या सुनेच्या मैत्रिणींसाठी सांबारवडीची कृती इंग्रजीत लिहून पाठवली. ‘दोन जुड्या सांबार’ यातला सांबार मी तसाच ठेवला. आता त्या विचारतात की आमटी घालून वडी वळायची कशी?
– एक गृहिणी, धंतोली

उत्तर : आपल्या सांबाराने पुण्या-मुंबईचे पाहुणेही फसतात, मग त्या मैत्रिणींना दोष कसा द्यावा? विदर्भाबाहेर सांबार म्हणजे इडलीबरोबरची आमटी. कोथिंबिरीला सांबार म्हणणारे आपणच. इंग्रजीत कोथिंबीर म्हणजे ‘कोरिअँडर’, हे बरोबर आहे, पण ते ब्रिटनमध्ये. अमेरिकेत ‘कोरिअँडर’ म्हटले की डोळ्यांपुढे धने येतात. हिरव्या पानांना तेथे ‘सिलँट्रो’ हा स्पॅनिश शब्द चालतो. आपल्या कृतीत सांबार आणि धणेपूड दोन्ही असणार, तेव्हा या वाचकांसाठी ‘टू बंचेस ऑफ सिलँट्रो’ आणि ‘ग्राउंड कोरिअँडर’ असे लिहिले म्हणजे घोळ होणार नाही. बारीक चिरण्याला ‘फाइनली चॉप’ म्हणावे, ‘मिन्स’ नको; ब्रिटनमध्ये ‘मिन्स’ म्हणजे खिमा. सारणाला ‘फिलिंग’ म्हणावे. ‘स्टफिंग’ हे प्रामुख्याने कोंबडीच्या किंवा ढोबळ्या मिरचीच्या पोटात भरण्याचे. पदार्थाचे नाव मात्र भाषांतरित करू नये. वर ‘सांबारवडी’ असे ठळक लिहून खाली एका ओळीत ती काय आहे ते सांगावे, आणि तिला पुडाची वडी असेही म्हणतात हे सुनेला कळवावे, म्हणजे पुढचा गोंधळ निदान घरातल्या घरात मिटेल.

प्रश्न : आमचा महिला बचत गट संत्र्याच्या सालीची कँडी आणि सालीसकट केलेला मुरंबा विकतो. लेबलवर ‘स्किन’ लिहावे, ‘पील’ लिहावे की ‘रिंड’? शिवाय एका ग्राहकाने सांगितले की आपल्या संत्र्याला ‘ऑरेंज’ म्हणणेच चुकीचे आहे.
– बचत गटाच्या अध्यक्षा, काटोल

उत्तर : मराठी ‘साल’ झाडालाही चालते आणि फळालाही. इंग्रजीने तिची वाटणी करून टाकली आहे. झाडाची ती ‘बार्क’. फळाची हाताने सोलून निघते ती बहुधा ‘पील’. पातळ, गराला चिकटलेली आणि सहसा फळाबरोबर खाल्ली जाणारी, जशी द्राक्षाची किंवा टोमॅटोची, ती ‘स्किन’. आणि जाड, टणक, सुरीशिवाय न निघणारी, जशी टरबुजाची, ती ‘रिंड’. शेंगदाण्याच्या टरफलाला ‘शेल’ म्हणतात, पण आतल्या लाल पापुद्र्याला पुन्हा ‘स्किन’. आपले संत्रे तर नखाने सोलावे इतके सैल सालीचे, म्हणून लेबलवर ‘ऑरेंज पील कँडी’ हेच बरोबर. सालीच्या आतला पांढरा, कडसर, दोऱ्यांसारखा भाग म्हणजे ‘पिथ’. वरचा केशरी थर किसून वापरला तर तो ‘झेस्ट’. फोडीला ‘पीस’ किंवा ‘स्लाइस’ न म्हणता ‘सेगमेंट’ म्हणावे, कारण ती निसर्गाने पाडलेली आहे, सुरीने नव्हे. सालीसकट मुरंब्याला ‘जॅम’ म्हणू नये, ‘मार्मलेड’ म्हणावे. लिंबूवर्गीय फळांच्या अशा सालयुक्त पदार्थासाठी इंग्रजीत तोच शब्द रूढ आहे.

ग्राहकाचे म्हणणे अर्धे खरे आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नागपुरी संत्रे ‘मँडरिन’ गटात मोडते, आणि नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या लिखाणातही ‘नागपूर मँडरिन’ असेच येते. परदेशात ‘ऑरेंज’ म्हटल्यावर जे घट्ट सालीचे फळ लोकांना आठवते ते आपल्या मोसंबीच्या जवळचे आहे. परंतु भौगोलिक मानांकन ‘नागपूर ऑरेंज’ या नावाने मिळालेले आहे आणि आपल्या देशातील कोणताही गिऱ्हाईक ‘मँडरिन’ मागत नाही. म्हणून देशातील विक्रीसाठी ‘ऑरेंज’ ठेवावे. माल बाहेर जाणार असेल तर नावाखाली लहान अक्षरांत ‘मँडरिन’ जोडावे. ‘ऑरेंज’ हा शब्द आपल्याला परका वाटण्याचेही काही कारण नाही. संस्कृतातील ‘नारंग’ फारसी आणि अरबीतून युरोपात गेला, वाटेत त्याचा आरंभीचा ‘न’ गळून पडला आणि इंग्रजांबरोबर तो ‘ऑरेंज’ होऊन परत आला.

प्रश्न : महाविद्यालयातील इंग्रजी निबंधात मी लिहिले की मी सुट्टीत गावी गेले नाही म्हणून माझी आजी ‘सल्किंग’ आहे. सरांनी चूक काढली नाही. पण घरी निबंध वाचून दाखवताना मी त्या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा आजी खरोखरच रुसली. ‘रुसणे’ याला दुसरा शब्द नाही का?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : आजींची बाजू मला पूर्णपणे मान्य आहे. ‘सल्क’ करणारा माणूस तोंड फुगवून कोपऱ्यात बसतो, कोणाशी बोलत नाही आणि सगळ्या घराचा रंग बिघडवतो. तो शब्द वापरणाऱ्याला हे वागणे पोरकट वाटत असते, हे त्या शब्दातच मुरलेले आहे. रुसणे याहून फार निराळे आहे. आपण भाजीवाल्यावर चिडतो, रेल्वेच्या बाबूवर संतापतो, पण त्यांच्यावर रुसत नाही. रुसायला समोर हक्काचे माणूस लागते. रुसणाऱ्याला ठाऊक असते की कोणीतरी आपली समजूत काढायला येणार आहे, आणि ते माणूस येईपर्यंत, खरे म्हणजे त्याने यावे म्हणूनच, रुसवा टिकवलेला असतो. समजूत काढणारा आलाच नाही तर रुसव्याचे दुःख होते. तेव्हा तो रुसवा राहत नाही.

इंग्रजीत या वाटेवरचे पुष्कळ शब्द आहेत आणि प्रत्येक जण अर्ध्यावरच थांबतो. ‘मिफ्ड’ हा हलका आणि थोडा मिस्कील शब्द आहे. किंचित मन दुखावलेल्या माणसाविषयी तो बोलण्यात चांगला, पण त्यात समजुतीची वाट पाहणे नाही. ‘इन अ हफ’ यात ताडकन उठून निघून जाणे आहे. लग्नात मानपानावरून रुसून जानवशाला परतलेल्या जावईबापूंना तो शोभेल, आजींना नाही. ‘ऑफेंडेड’ औपचारिक आहे आणि ‘हर्ट’ फार खोल आहे. अबोल्याला ‘शी इज नॉट स्पीकिंग टु मी’ हे साधे वाक्य उत्तम.

आपल्या विदर्भातील कौंडिण्यपूरची लेक रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली आणि तिला शोधत देव पंढरीला आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिचे इंग्रजी करताना कोणी ‘रुक्मिणी सल्क्ड’ असे लिहिले तर वाचक हसेल, आणि ‘रुक्मिणी वॉज अँग्री’ लिहिले तर देवाने मागे मागे का यावे ते त्याला उमगणार नाही. रुसवा इंग्रजीत आणायचा असेल तर त्याची दुसरी बाजू, म्हणजे मनधरणी, सोबत आणावी लागते, आणि मनधरणीला इंग्रजीत फार चांगला शब्द आहे : ‘कोक्स’. गोड बोलून, हळूहळू, जोर न करता मन वळवणे म्हणजे ‘कोक्स’. म्हणून निबंधात असे लिहावे : ‘माय ग्रँडमदर इज अपसेट विथ मी अँड इज वेटिंग टु बी कोक्स्ड’. रुसण्याचा सगळा अर्थ या ‘वेटिंग’मध्ये आहे. हे वाक्य आजींना वाचून दाखवावे, मात्र ते नुसते वाचून भागणार नाही. एकदा गावी जाऊन यावे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अर्थ मनात स्पष्ट असतो, इंग्रजी शब्द मात्र आठवत नाही. त्यासाठी कोणता एकच कोश घ्यावा?
– एक परीक्षार्थी, सीताबर्डी

उत्तर : एकच कोश पुरत नाही, कारण प्रत्येक कोशाचे काम वेगळे आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. मराठी शब्दांच्या बारीकसारीक छटा त्यात ज्या बारकाईने उलगडलेल्या आहेत तशा नंतर क्वचितच कोणी उलगडल्या असतील, आणि मी स्वतः आजही आधी तोच उघडतो. पण त्यातले इंग्रजी दीडशे वर्षांहून जुने आहे. तो अर्थ समजून घेण्यासाठी वापरावा, उत्तरपत्रिकेत उतरवण्यासाठी नव्हे. पीटर मार्क रॉजे या डॉक्टराने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या थिसॉरसची रचना वर्णानुक्रमाची नव्हती, कल्पनांची होती; म्हणजे अर्थ हाती असताना शब्दापर्यंत जाण्याची वाट. आपल्या अमरकोशाची मांडणीही विषयवारच आहे, त्यामुळे ही युक्ती आपल्याला नवी नाही. थिसॉरसचा दोष एवढाच की तो वीस शब्द एका रांगेत उभे करतो आणि त्यांच्यात फरक काय ते सांगत नाही. नवशिक्या माणूस त्यातला सर्वांत भारदस्त शब्द उचलतो आणि तेथेच फसतो. ही उणीव इंग्रजी-इंग्रजी कोशाने भरून निघते. १९८७ साली निघालेल्या कोबिल्ड कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यांत दिल्या, त्यामुळे शब्द कोणाविषयी आणि कोणत्या सोबत्यांबरोबर वापरला जातो ते वाचता वाचताच दिसते. विद्यार्थ्यांसाठी हा किंवा असा दुसरा एखादा कोश अवश्य जवळ असावा.

माझी पद्धत वकिलांकडून उसनी घेतलेली आहे. मराठी-इंग्रजी कोशाने किंवा थिसॉरसने पुढे केलेला शब्द हा साक्षीदार समजावा आणि इंग्रजी-इंग्रजी कोशात नेऊन त्याची उलटतपासणी घ्यावी. तो माणसाविषयी बोलला जातो की वस्तूविषयी? त्यात कौतुक आहे की नाक मुरडणे? ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत त्याचा अर्थ एकच आहे ना? तिन्ही उत्तरे पटली तर त्याला आपल्या वाक्यात बसवावे, आणि दुसऱ्या दिवशी मूळ मराठी न पाहता ते वाक्य पुन्हा मराठीत आणून पाहावे. मूळचा अर्थ परत आला नाही तर साक्षीदार फितूर आहे.

ही सवय मला लागली ती एका फजितीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीच्या स्थळासाठी मी इंग्रजी जाहिरात लिहून दिली आणि ‘घरगुती वळणाची’ याकरिता, तेव्हा सगळेच लिहीत असत तसे, ‘होमली’ असे लिहिले. मुलाचे कुटुंब अमेरिकेत स्थायिक होते. तिकडून मोठ्या सौजन्याने विचारणा झाली की मुलगी दिसायला बेताची आहे हे जाहिरातीत सांगण्याचा एवढा प्रामाणिकपणा कशासाठी? ब्रिटिश इंग्रजीत ‘होमली’ म्हणजे साधे, घरच्यासारखे. अमेरिकन इंग्रजीत तोच शब्द माणसाला लावला की रूप यथातथाच. त्या मुलीची आई पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. ‘होम-लव्हिंग’ लिहिले असते तर निभावले असते.

प्रश्न : बैठक ठरल्या तारखेच्या आधी घेण्यासाठी मी ‘प्रीपोन’ लिहिले. साहेबांनी लाल रेघ मारली. शब्द चूक आहे का?
– एक कर्मचारी, सिव्हिल लाइन्स

उत्तर : चूक नाही. ‘पोस्टपोन’च्या उलट ‘प्रीपोन’ हा तर्क बिनचूक आहे. भारतीय इंग्रजीने तो शब्द रुळवला आणि ऑक्सफर्डच्या कोशांनीही त्याची नोंद घेतली आहे. देशातल्या पत्रव्यवहारात तो चालावा. साहेबांची रेघ जरा जास्तच कडक आहे. परदेशी पत्रात मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा, अमेरिकेसाठी, ‘मूव्ह अप’ लिहावे.

आक्षेप : गेल्या अंकात आपण ‘काटकसरी’ या शब्दासाठी ‘फ्रूगल’ सुचवले. माझी आई आयुष्यभर काटकसरी होती, पण तिला कोणी ‘फ्रूगल’ म्हटलेले मला रुचणार नाही. सणावाराला तिने कधी हात आखडता घेतला नाही.
– एक निवृत्त मुख्याध्यापिका, खामला

उत्तर : आक्षेप मान्य आहे, आणि गेल्या अंकातील उत्तर मी दुरुस्त करतो. ‘फ्रूगल’मध्ये थोडक्यावर भागवणे आहे, म्हणून साध्या, तुटपुंज्या जेवणाला ‘फ्रूगल मील’ म्हणतात. ‘थ्रिफ्टी मील’ असे मात्र सहसा म्हणत नाहीत. ‘थ्रिफ्टी’ माणूस कमी खर्च करतोच असे नाही. तो काही वाया जाऊ देत नाही. काटकसरीत आपण मराठी माणसे दोन्ही अर्थ भरतो आणि कोणता कोठे आहे ते माणूस पाहून ओळखतो, ती ओळख करून न घेताच मी उत्तर दिले. आपण पत्रात पुढे लिहिले आहे की आईंनी विटलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या गोधड्या फाटल्यावर त्यांची पायपुसणी केली, आणि दिवाळीत मात्र चिवड्याचा मोठा पत्र्याचा डबा गल्लीत वाटून रिकामा केला. त्यांच्यासाठी शब्द ‘थ्रिफ्टी’.